डोडो गेला, पण झाड रुजतंय

बरीच वर्षं फिरणारा मजकूर असा: मॉरिशसच्या तांबालाकोक झाडाचं बी डोडो पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, डोडो संपला, म्हणून तीनशे वर्षांत एकही नवं झाड उगवलं नाही, उरली जेमतेम १३.

गोष्ट ऐकायला इतकी नेटकी आहे की कुणालाही पटावी. शिवाय ती १९७७ साली नामांकित विज्ञानपत्रिकेत छापून आली होती. पण झाडं १३ नव्हे, शेकडो आहेत. त्यांच्या खोडात वर्षागणिक वलयं दिसत नाहीत, त्यामुळे वलयं मोजून वय काढता येत नाही; म्हणजे ‘तीनशे वर्षांची’ हा अंदाजच. मुख्य म्हणजे बी. अक्रोडासारखं टणक, पण कवचावर एक शिवण असते. रुजताना ते तिथूनच टोपणासारखं उघडतं. न घासता, न गिळता बी रुजल्याची नोंद १९४१ सालीच झाली होती.

पडताळायचं तर १९७७चा प्रयोगच वाचा: डोडोऐवजी टर्की पक्ष्यांना १७ बिया भरवल्या, ३ रुजल्या. न भरवलेल्या बिया तुलनेला पेरल्याच नव्हत्या!

झाड दुर्मीळ आहे, हे मात्र खरं. माणसांनी बेटावर आणलेली माकडं नि डुकरं, परक्या झाडाझुडपांची दाटी, ही त्यामागची कारणं. (हे आपल्या बकुळीच्या, चिकूच्याच कुळातलं.)