प्रिंटर आहे, टोनर नाही: अनावर्ती आणि आवर्ती पैशातला फरक

"शाळेला प्रिंटर मिळालाय ना, मग पेपरच्या झेरॉक्सला पैसे कशाला लागतात?" शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एखाद्या पालकानं असं विचारलं की मुख्याध्यापक कसनुसं हसतात. प्रश्न रास्त आहे. उत्तरही अवघड नाही, फक्त ते सरकारी शब्दांत अडकलंय. प्रिंटर आला तो अनावर्ती पैशातून. टोनर, म्हणजे छपाईची भुकटी, आणि कागद यायचे असतात आवर्ती पैशातून. हे दोन पैसे वेगळ्या वाटांनी येतात, वेगळ्या वेळी येतात, आणि एकाची कमतरता दुसऱ्यातून भरून काढता येत नाही.

अनावर्ती म्हणजे एकदाच होणारा खर्च आणि आवर्ती म्हणजे पुन्हा पुन्हा होणारा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो. वीस पटाच्या वस्तीवरच्या शाळेत एक टोनर वर्षभर पुरतो, मग तो एकदाच घेतला म्हणून अनावर्ती का? नाही. प्रिंटरचा फ्यूजर, म्हणजे भुकटी तापवून कागदावर चिकटवणारा भाग, चार-पाच वर्षांतून एकदा बदलावा लागतो, तो खर्चही देखभालीतच धरला जातो. किती वेळा पैसे गेले हे मोजून उत्तर सापडत नाही. वस्तू वापरून संपते की वापरूनही उरते, हे बघायचं.

हा फरक शाळेच्या कपाटात आधीपासून लिहून ठेवलेला आहे. प्रिंटरची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या डेडस्टॉकमध्ये होते. त्याला क्रमांक पडतो आणि तो बंद पडला, गंजला, तरी रीतसर निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे वहीतून कमी केला जाईपर्यंत, कागदावर जिवंत असतो. कागदाचे रीम, टोनर, खडू यांची नोंद साठा नोंदवहीत जाते: जमा, खर्च, शिल्लक. पहिली वही वर्षानुवर्षं फुगत जाते, दुसरी मार्चअखेर शून्यावर येते. शाळेला काय मिळालं हे दाखवायची वेळ आली की पहिलीच वही पुढे केली जाते.

देणाऱ्यांनाही पहिली वहीच आवडते. खासदार निधीचा नियमच टिकाऊ सामुदायिक मालमत्ता उभी करण्याचा आहे; त्यातून कागद विकत घेता येत नाही. ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) यांच्यावर तेवढं बंधन नाही, पण ओढा तिकडेच असतो. प्रिंटरवर 'सप्रेम भेट' लिहिता येतं, हार घालून फोटो काढता येतो. टोनरवर नाव कुठे घालणार? म्हैस दान देणारे पुष्कळ भेटतात, वैरण घालायची वेळ आली की गोठा रिकामा.

सरकारी योजनांत हे दोन्ही पैसे निदान वेगळे लिहिलेले असतात. समग्र शिक्षा अभियानात एका शाळेच्या आयसीटी लॅबसाठी, म्हणजे संगणक कक्षासाठी, ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत अनावर्ती तरतूद आहे, आणि वर्षाला २ लाख ४० हजारांपर्यंत आवर्ती. पण ही आवर्ती तरतूद ५ वर्षांचीच. आखणाऱ्यांचा हिशेब असा की तोवर राज्य किंवा शाळा आपल्या पायावर उभी राहील. महाराष्ट्रात आधीच्या आयसीटी टप्प्यांचे करार संपले तेव्हा काय झालं, हे त्या लॅबमधल्या संगणक शिक्षकांना विचारा. यंत्रं शाळेत राहिली, शिकवणारे आंदोलनाला बसले. शिक्षकाचं मानधन हाही आवर्ती खर्चच.

आता शाळेच्या हातात नेमकं काय येतं ते बघू. जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षातून संयुक्त शाळा अनुदान मिळतं, आणि त्यात केंद्र-राज्य वाटा ६०:४० असतो. रक्कम पटावर ठरते: ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. वर्षाचे. यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी बाजूला काढायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू, नोंदवह्या, नळाची तोटी, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती आणि छपाई. (खासगी अनुदानित शाळांचं गणित निराळं आहे, तिथे वेतनेतर अनुदान असतं. पण दुखणं तेच.)

साठ पटाच्या शाळेचा हिशेब मांडू. दर गृहीत धरले आहेत, आपापल्या गावचे घालून बघावेत. दोन सत्रांच्या परीक्षा, पाच विषय, चार पानांचा पेपर: २,४०० पानं. चार घटक चाचण्या, प्रत्येक विषयाला एक पान: १,२००. आठवड्याला एक सराव कागद, तीस आठवडे: १,८००. एकूण ५,४०० पानं. गावातला झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेत असेल तर १०,८०० रुपये झाले. स्वच्छतेचे अडीच हजार वजा जाता हातात २२,५०० होते, त्यातले जवळजवळ निम्मे छपाईतच गेले. मुलांकडून दोन-दोन रुपये गोळा करावेत म्हटलं, तर शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच्या मुलाचं शिक्षण अडेल असं कुठलंही शुल्क घेऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. मग शिक्षक खिशात हात घालतात. हा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून पुढच्या वर्षीच्या मागणीतही येत नाही.

दान आलेल्या प्रिंटरनं हा खर्च वाचतो का? ते प्रिंटर कसला यावर आहे. कार्यालयांतून सर्रास दिसणाऱ्या लहान लेझर प्रिंटरचं '८८ए' टोनर सुमारे १,५०० पानांचं. पण हा आकडा काढतात तो पानाच्या पाच टक्के भागावरच शाई पडते असं धरून, म्हणजे छोटंसं पत्र छापल्यासारखं. आकृत्या, तक्ते, चित्रं घातलेला तिसरीच्या गणिताचा पेपर एवढ्यात भागत नाही. तरी १,५०० धरू. मूळ कंपनीचं टोनर साडेचार हजारांना पडलं, तर पानाला तीन रुपये, कागद वेगळा. फुकट मिळालेला प्रिंटर झेरॉक्सच्या दुकानापेक्षा महाग पडला! वर्षाला चार टोनर म्हणजे १८ हजार, वर जवळजवळ अकरा रीम कागद. तोच टोनर तालुक्याच्या गावी साडेतीनशे रुपयांत भरून आणला, तर चित्र पालटतं. पाच रिफिलचे पावणेदोन हजार, कागदाचे अडीच हजार. तीन-चार रिफिलनंतर कार्ट्रिजमधला ड्रम झिजून पानावर काळ्या रेघा उमटू लागतात आणि नवं कार्ट्रिज घ्यावं लागतं. ते मूळ कंपनीचं धरलं तरी वर्षाचं काम नऊ हजारांच्या आत आटोपतं.

शाईच्या टाकीचे प्रिंटर पानाला याहूनही स्वस्त असतात, काळ्या शाईची एक बाटली हजारो पानं छापते. पण ते रोज थोडं चालायला हवेत. एप्रिलअखेर कपडा टाकून ठेवलेला असा प्रिंटर जूनमध्ये उघडला की नोझल सुकून बसलेलं असतं, आणि हेड साफ करायच्या दोन-चार फेऱ्यांतच बरीच शाई वाया जाते. टोनर ही भुकटी असल्यानं सुट्टीत तिला काही होत नाही. शाळेसाठी यंत्र निवडताना छापील किमतीपेक्षा ही मे महिन्याची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विकणारा ती कधी काढत नाही.

आवर्ती पैशाचं आणखी एक दुखणं म्हणजे वेळ. कागद लागतो जून ते मार्च, आणि अनुदान पुष्कळदा वर्ष सरता सरता येतं. २०२१ मध्ये प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेचा पैसा राज्यात एकाच नोडल, म्हणजे मध्यवर्ती, खात्यात ठेवायची पद्धत आली. शाळेचं खातं शून्य शिलकीचं, त्यावर फक्त खर्चाची मर्यादा येते. ती उशिरा आली आणि ३१ मार्चच्या आत वापरायची झाली, तर मुख्याध्यापक काय करणार? पुढच्या वर्षाचं वीजबिल आगाऊ भरता येत नाही. मग एखादी वस्तू घेतली जाते. आवर्ती पैसा असा अनावर्ती होऊन बसतो, डेडस्टॉकमध्ये एक नोंद वाढते आणि जूनमध्ये कागद पुन्हा नसतोच. लोक याला मार्चएंडची उधळपट्टी म्हणतात. मला ती पैसे उशिरा सोडण्याची शिक्षा वाटते.

राज्याच्या तुटीबद्दल बोलतानाही हाच घोळ मोठ्या आकड्यांत होतो. महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं असा चालू खर्च चालू उत्पन्नातून न भागणं. राजकोषीय तूट म्हणजे भांडवली खर्च धरून एकूण जेवढं कर्ज काढावं लागणार तेवढं. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली आहे आणि राजकोषीय तूट सुमारे १ लाख ३६ हजार कोटी. शाळेच्या कागदाचा संबंध पहिल्या आकड्याशी. शालेय शिक्षणाचा बहुतेक खर्च पगाराचा, तो कापता येत नाही. महसुली तूट आवरायची म्हटलं की कात्री चालते ती उरलेल्या लहानशा पगारेतर भागावर: प्रशिक्षण, सादिल (किरकोळ खर्च), छपाई. वर्गखोली बांधली तर ती विकासाच्या यादीत जाते, खडू आणि कागद 'खर्चा'च्या यादीत. खडू-कागदाशिवाय त्या खोलीत शिकवता येत नाही, हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

इथे एक बारकावा आहे. अनावर्ती म्हणजे भांडवली असं सरसकट समजू नये. सरकार एखाद्या संस्थेला अनुदान देतं तेव्हा देणाऱ्याच्या हिशेबात तो महसुली खर्चच असतो, पुढे त्यातून इमारत उभी राहिली तरी. म्हणजे तोच प्रिंटर शाळेच्या वहीत मालमत्ता असू शकतो आणि मंत्रालयाच्या वहीत महसुली खर्च. तेव्हा एखादा पुढारी 'शिक्षणावरचा महसुली खर्च फार वाढलाय' म्हणाला, तर त्यात वर्गखोल्यांसाठी दिलेलं अनुदानही मिसळलंय का हे विचारावं.

व्यवस्थापन समितीच्या हातात काय आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे समितीनं शाळा विकास आराखडा करायचा असतो. पुष्कळ आराखड्यांत वस्तूंची यादी असते: संगणक ४, प्रिंटर १. त्यापुढे 'वर्षाला लागणारा खर्च' असा रकाना आखा आणि वर मांडला तसा पानांचा हिशेब त्यात लिहा. एका केंद्रशाळेखाली येणाऱ्या आठ-दहा शाळांनी मिळून त्या केंद्रशाळेत एकच दणकट यंत्र ठेवलं तर दुरुस्तीचा करारही परवडतो. मात्र पानागणिक कुठल्या शाळेनं किती द्यायचं हे आधी ठरवा, नाहीतर सगळं बिल केंद्रशाळेच्या माथी. आणि कोणी प्रिंटर द्यायला आला तर त्याला सांगा, यंत्र साधं काळं-पांढरंच द्या, वाचतील त्या पैशांतून तीन वर्षांच्या रिफिलचे आणि कागदाचे पैसे तालुक्याच्या दुकानात शाळेच्या नावे जमा ठेवा. टोनर मात्र एकदम आणून ठेवू नका, गरजेपुरता एकेक उचला.