देहधर्मवाचक शब्द आणि स्त्री-पुरुष वळण

देहधर्मवाचक शब्द : मलमूत्रविसर्जन, वायू सरणे, ढेकर, वांती, मासिक पाळी, गर्भधारणा, बाळंतपण यांसारख्या शरीरव्यापारांना उद्देशून वापरले जाणारे शब्द. मराठीत यांतल्या जवळजवळ प्रत्येक व्यापाराला एकाहून अधिक नावे आहेत. त्यांपैकी कोणते नाव कोणाच्या तोंडी शोभते, हे बोलणाऱ्याचे वय, गाव, जात आणि शिक्षण यांवरून ठरते. पण त्याआधी तो पुरुष आहे की स्त्री, हे पाहिले जाते. स्त्रिया सोवळे शब्द वापरतात आणि पुरुष ओवळे, अशी सरधोपट वाटणी पुष्कळदा केली जाते, पण ती पुरेशी नाही. पुरुषाला प्रसंग पाहून शब्द निवडण्याची मुभा असते, तर स्त्रीला लहानपणापासून मुख्यतः शब्द गाळायला शिकवले जाते, हा खरा फरक आहे.

अशा शब्दांचा संकोच का वाटतो, याचे उत्तम वर्गीकरण संस्कृत काव्यशास्त्राने केलेले आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने अश्लीलतेचे तीन प्रकार सांगितले : व्रीडा म्हणजे लाज, जुगुप्सा म्हणजे किळस आणि अमंगल. मलमूत्राचे शब्द मुख्यतः किळसेत मोडतात, जननेंद्रियांचे लाजेत आणि मृत्यूचे अमंगलात. मासिक पाळीला मात्र परंपरेने तिन्ही चिकटवल्या, आणि मराठीत सर्वांत जास्त टोपणनावे तिलाच मिळाली.

टाळण्याच्या वाटा अनेक आहेत. ‘लघवी’ हा आजचा साधा, दवाखान्यातला शब्द ‘लघु’वरून आलेला आहे, म्हणजे तोही मुळात आडपडदाच होता; वापरून वापरून त्याचा पडदा विरला. ‘लघुशंका’ हा त्याचा भारदस्त भाऊ. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधात देहाची निंदा करताना, भागीरथीचे पाणी प्यायले तरी त्याची लघुशंकाच होते, असे म्हटले आहे. ‘शौच’ या शब्दाचा अर्थ शुचिता. क्रिया घाणीची, पण नाव नंतरच्या स्वच्छतेचे. ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशेला’ आणि ‘बाहेर’ हे शब्द नुसती दिशा दाखवतात. पुढे घरात खोली आली तेव्हा खोलीचे नावच क्रियेला लागले : ‘संडासला झाली का?’, ‘बाळाने चड्डीत बाथरूम केली’. या दुसऱ्या वाक्यात खोली अक्षरशः चड्डीत मावते आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आजाऱ्याला जुलाबाऐवजी लूज मोशन होतात. लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ म्हणण्याची रीत तर फारच सुंदर आहे. त्यात अवयव नाही, द्रव नाही, फक्त ऋतू आहे.

बालभाषेत स्त्री-पुरुष भेद नसतो. ‘शी’ आणि ‘शू’ मुलाला आणि मुलीला सारखेच शिकवतात, आणि बाळ अंगावर मुतले तर मांडीवर घेणारा कौतुकाने हसतो. परदेशी वाढलेल्या मराठी मुलांचे मराठी पुष्कळदा घरापुरते राहते, त्यामुळे त्यांच्याजवळ मोठेपणीही हेच दोन शब्द उरलेले दिसतात. भेद सुरू होतो तो साधारण शाळेच्या वयात. वर्गात करंगळी वर केली म्हणजे एकीला आणि दोन बोटे वर केली म्हणजे दुकीला, ही खूण दोघांनाही मिळते. घरी मात्र मुलगा ‘आई, जोराची लागलीय’ असे ओरडत ओटीवरून आत धावला तर त्याला कोणी रागावत नाही. तेच मुलीने पाहुण्यांदेखत म्हटले की आजी डोळे वटारते आणि ‘मुलीच्या जातीला हे शोभत नाही’ हे वाक्य येते. मराठीत ‘वळण’ हा शब्द अक्षरालाही लागतो आणि मुलीलाही. दोन्हीकडे गिरवून घेण्यावर भर असतो. पुढे मुलीचे वाक्य आखूड होत जाते. ‘शू करून येते’चे ‘बाथरूमला जाऊन येते’ होते, मग ‘जाऊन येते’ एवढेच उरते, आणि शेवटी तेही न बोलता मैत्रिणीकडे पाहून उठणे. कुठे आणि कशासाठी, हे दोन्ही गळून जाते.

मुलाचा शब्दसंग्रह त्याच वयात वाढत असतो. मित्रांत ‘मुतायला’, वडीलधाऱ्यांपुढे ‘लघवीला’, कार्यालयात ‘वॉशरूमला’ आणि टोळक्यात ‘धार मारून येतो’. यातला शेवटचा वाक्प्रचार स्त्रीला वापरताच येत नाही, कारण तो शरीररचनेवरच उभा आहे. लग्नाच्या वऱ्हाडाची बस घाटाखाली थांबली की पुरुष दाराशी उभे राहून कुठे चाललो ते सांगून उतरतात. आत बसलेल्या बायकांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नसतो. त्यांच्यातली एखादी मागच्या बाकावरून म्हणते, ‘पुढे चांगलं हॉटेल लागलं की चहाला थांबू या का?’ चहा कोणालाच नको असतो. ड्रायव्हरला अर्थ कळतो, कधी कळत नाही; पण त्या बाकावर या वाक्याचे भाषांतर कोणाला करून द्यावे लागत नाही. भिंतीवरच्या ‘येथे लघवी करू नये’ या सूचनेत व्याकरणदृष्ट्या कर्ताच नाही, तरी ती कोणाला उद्देशून आहे याविषयी आजवर कोणाचा गैरसमज झालेला नाही.

वायू सरण्याचे शब्द विनोदाचे, आणि विनोद पुरुषांच्या मालकीचा. ‘पादऱ्याला पावट्याचे निमित्त’ आणि ‘पादा पण नांदा’ या म्हणी बैठकीत खुशाल येतात. तेथे स्त्रीने ‘गॅसेसचा त्रास’ म्हणावे अशी अपेक्षा असते. ढेकराचेही तसेच. पंगतीत यजमानाला सुखावतो तो पाहुण्याचा तृप्तीचा ढेकर. तोच सुनेने दिला तर सासर तिच्या माहेरचे वळण काढते. वांतीच्या बाबतीत संशयच लिंगानुसार बदलतो. तरुण सुनेला उलटी झाली की घरातल्या बायका दिवस मोजू लागतात, आणि तिच्या नवऱ्याला झाली की रात्री तो कोणाबरोबर बसला होता याची चौकशी होते.

मासिक पाळीच्या शब्दांचा इतिहास मात्र सरळ लाजेचा नाही. बालविवाहाच्या काळात मुलीला प्रथम ऋतू प्राप्त झाला की तो जाहीर आनंदाचा प्रसंग असे. त्याला ‘न्हाण येणे’ म्हणत. मुलीला मखरात बसवीत, ओटी भरीत, सोयऱ्यांकडे निरोप धाडीत आणि पुढे फलशोभनाचा, म्हणजे गर्भाधानाचा, विधी होई. ‘पदर आला’, ‘शहाणी झाली’ हे शब्दप्रयोग त्याच काळातले. पहिली पाळी गावभर कळे. त्यानंतरच्या प्रत्येक पाळीला मात्र विटाळ. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहित मुलीच्या शरीरसंबंधाचे किमान वय १० वरून १२ वर नेले, तेव्हा केसरी आणि सुधारक यांसारख्या पत्रांतून ऋतुप्राप्ती आणि गर्भाधान यांवर उघड वाद झडले. वाद घालणारे बहुतेक पुरुष होते आणि शब्द संस्कृत होते. ज्या गोष्टीचे नाव बाईला माजघरात मोठ्याने घेता येत नव्हते, तिच्यावर अग्रलेख निघाले.

माजघरातले शब्द वेगळेच होते. ‘बाहेर बसणे’, ‘शिवायचे नाही’, ‘अडचण आहे’ आणि सर्वांत प्रसिद्ध ‘कावळा शिवला’. यातला शेवटचा मुलांसाठी योजलेला दिसतो, आणि त्याने मुलांचे समाधान कधीच झाले नाही. कोपऱ्यात घोंगडीवर वेगळे ताट घेऊन बसलेल्या आईला कावळा नेमका कुठे शिवला, तो घरात कसा शिरला आणि तीन दिवस अंघोळ केली की तो जातो का, असे प्रश्न अनेक घरांत विचारले गेले आहेत. ‘विटाळ’ या शब्दाने तर रजस्वला स्त्री आणि अस्पृश्य मानलेला माणूस एकाच पंक्तीत, म्हणजे पंक्तीबाहेर, बसवले. चौदाव्या शतकातल्या संत सोयराबाईंनी, चोखामेळ्यांच्या पत्नीने, या शब्दाचीच उलटतपासणी केली : विटाळ देहातच जन्मतो, त्यावाचून कोणताही देह निर्माण होत नाही, मग सोवळा कोण? मराठीत देहधर्माच्या शब्दावर स्त्रीने केलेले इतके धारदार भाष्य पुढची कित्येक शतके सापडत नाही.

‘पाळी’ हा आजचा रुळलेला शब्दही मुळात फक्त ‘आवर्तन’ या अर्थाचा. तरी तोही पुष्कळदा गाळला जातो आणि ‘अजून आली नाही’, ‘या वेळी लवकर आली’ एवढे क्रियापदच उरते. शहरी शिकलेल्या घरांत ‘एमसी’ आणि नंतर ‘पिरिअड्स’ आले. इंग्रजी शब्दाला घरातल्या कोपऱ्याचा वास नसतो, म्हणून तो सोपा जातो. ‘दिवस गेले’च्या जागी ‘प्रेग्नंट’ याच कारणाने आले. याच्या तुलनेत मुलाच्या वयात येण्याचे शब्द पाहण्यासारखे आहेत : मिसरूड फुटणे, आवाज फुटणे. जे दिसते आणि ऐकू येते तेवढेच त्यांत आहे, आणि त्यात मिरवण्यासारखे पुष्कळ आहे.

ही सगळी मांडणी मुख्यतः पांढरपेशा घरांची आहे, हे विसरता कामा नये. शेतावर राबणाऱ्या बायकांच्या बोलण्यात ‘हागायला’, ‘मुतायला’ ही साधी क्रियापदे आहेत. त्यांत शिवी नाही की धीटपणाचा आव नाही. १८३१ मध्ये प्रथम निघालेल्या आणि १८५७ मध्ये सुधारून छापलेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशानेही ती कोणताही संकोच न करता नोंदवली. १९७० नंतरच्या दलित आत्मकथनांनी हे शब्द छापील साहित्यात आणले, तेव्हा ज्यांच्या कानांना ते टोचले त्यांनी भाषेच्या शुद्धतेचा मुद्दा पुढे केला. वयानेही सूट मिळते. नातसुनेला ‘पोट साफ झालं का’ एवढेच विचारता येते. सत्तरीची आजी मात्र ओसरीवर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ‘हगत्या लाज की बघत्या लाज’ म्हणते आणि तिचे कोणी वळण काढत नाही. म्हातारपणी बाईला परत मिळणाऱ्या थोड्या गोष्टींत हे शब्द आहेत.

गाळलेल्या शब्दांची किंमत दवाखान्यात मोजावी लागते. ‘अंगावरून जातं’ या एका वाक्यात पांढरे जाणे, अतिरक्तस्राव आणि पाळी थांबल्यानंतर पुन्हा दिसलेला डाग हे सगळे मावते, आणि यांतला प्रत्येक प्रकार वैद्यकीयदृष्ट्या निराळा आहे. तरुण मुलीला ‘पाळी कधी आली होती?’ असे विचारले तर ती आईकडे पाहते आणि तारीख आई सांगते. ‘खाली आग होते’ म्हणणाऱ्या बाईला नेमके कुठे ते सांगायला सभ्य आणि घरगुती असा मराठी शब्दच नसतो. एकीकडे शिवी असते आणि दुसरीकडे शरीरशास्त्राच्या पुस्तकातले संस्कृत. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून शरीराविषयी सरळ मराठीत लिहिले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले.

सरकारी मराठीने दोन्ही टोके गाठली आहेत. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या काळात ‘हागणदारीमुक्त गाव’ हा शब्द वेशीवरच्या पाट्यांवर आला. विदर्भात ‘गोदरीमुक्त’ही म्हटले गेले. शहरी वाचक प्रथम दचकला, पण गावात तो शब्द समजावून सांगावा लागला नाही. उलट, ८ मार्च २०१८ रोजी शाळकरी मुलींना स्वस्त सॅनिटरी पॅड देणारी योजना आली, तिचे नाव ‘अस्मिता’. नावावरून ती कशाची आहे हे कळत नाही.

पालिकेच्या कागदपत्रांतला ‘मुतारी’ हा शब्द पुरुषांच्याच जागेला लागला, कारण जुन्या शहरांत स्त्रियांसाठी वेगळ्या मुताऱ्या बहुधा बांधल्याच गेल्या नाहीत. मुंबईत पुरुषाला मुतारी फुकट होती, तर स्त्रीची लघवीची सोय संडासाच्याच खोलीत असल्याने तिला दारातच पैसे मोजावे लागत. याविरुद्ध २०११ मध्ये महिला कार्यकर्त्यांनी मोहीम उभारली. तिचे नाव मराठी वर्तमानपत्रांनी भाषांतर न करता देवनागरीत जसेच्या तसे छापले : ‘राइट टू पी’.