मूत्रपिंड आणि मूलपेशी : एका गैरसमजाची पार्श्वभूमी

‘अहमदाबादेत स्टेम सेल देऊन किडनी नवी करतात म्हणे,’ हे वाक्य वडोदऱ्यातील दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या मराठी घरांत, विशेषतः कोणी डायलिसिसवर असेल तर, आजही कानी पडते. त्याला आधार आहे, पण तो वेगळ्याच कामाचा. अहमदाबादच्या आसारवा भागातील सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातील किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात्याच्या अस्थिमज्जेतील व चरबीतील पेशी प्रत्यारोपणाच्या रुग्णांना देण्याचे प्रयोग केले. बसवलेले मूत्रपिंड शरीराने परके मानू नये आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कमी लागावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. निकामी मूत्रपिंड पुन्हा चालू करणे हा नव्हे.

मूत्रपिंड नवे करणे मुळातच अवघड आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात आणि माणसात जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. म्हणून १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सेलोफेनची नळी वापरून डायलिसिस सुरू केले काय किंवा १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसवले काय, दोन्ही वाटा मूत्रपिंडाला पर्याय देण्याच्या होत्या, दुरुस्तीच्या नव्हत्या.

दुरुस्तीची आशा मूलपेशींमुळे, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेलमुळे, जागली. अस्थिमज्जेतील ज्या पेशींना १९९१ मध्ये अर्नोल्ड कॅप्लान यांनी ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ म्हटले, त्या इजा झालेल्या जागी जाऊन नव्या ऊती घडवतील, असा तर्क होता. उंदरांवरील प्रयोगांत मूत्रपिंड सावरतही होते. मात्र शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसांतच अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात, हे दिसल्यावर फायदा त्यांच्या स्रावांचा असावा, हा विचार बळावला. खुद्द कॅप्लान यांनीच पुढे हे नाव बदलावे असे सुचवले. हृदयशस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पेशींमुळे बरे होण्याचा काळ घटला नाही.

उपचार सुधारण्याचे आजचे प्रयत्न याच अपयशातून निघाले आहेत. पेशी देण्याआधी कमी प्राणवायूत वाढवून त्यांना कणखर करणे हा एक मार्ग, तर पेशीऐवजी तिने सोडलेल्या सूक्ष्म पुटिकाच (पटलाने वेढलेल्या अतिलहान पिशव्या) देणे हा दुसरा. २००९ मध्ये इटलीतील तुरिनच्या गटाने पुटिकांचा परिणाम प्राण्यांत दाखवला होता. तिसरी वाट जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांच्या २००६ च्या शोधातून, म्हणजे साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे करण्याच्या तंत्रातून फुटली. तिच्यातून प्रयोगशाळेत मूत्रपिंडाचे लहान नमुने घडतात, पण त्यांना पुरेशा रक्तवाहिन्या नाहीत आणि मूत्र बाहेर जायला मार्ग नाही.

भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मूलपेशींचा नियमित उपचार म्हणून वापर रक्तविकारांसारख्या मोजक्या आजारांपुरता ठेवला आहे. मूत्रपिंडविकारासाठी त्या फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीतील पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कुणी ‘पॅकेज’चा दर सांगत असेल, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा.