रविवारी 'मुनीं'चं मौन: पार्टी ठरवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

रविवारच्या जेवणाची ऑर्डर घेताना कोथिंबीर वडी किती, चिकन सुकं किती हे ठरलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: "आणि ड्रिंक्सचं काय?" जेवण आमचं, दारू तुमची, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. आमच्याकडे दारू विकायचं लायसन्स नाही. त्यामुळे आम्ही बाटल्या आणत नाही आणि बिलातही लावत नाही. पण बाटल्या वेळेवर आल्या नाहीत की पाहुणे ताटकळतात, वड्या गार होतात आणि सगळे आमच्याकडे बघतात. म्हणून हे पत्रक. शिवाय आमच्या गावातलं दारूचं दुकान नगरपालिकेचं आहे आणि ते रविवारी बंद असतं. ते रविवारीही उघडावं का, यावरून गावात सध्या चर्चा चालू आहे. त्याबद्दल आमचं मत बरेच जण विचारतात, तेही इथे लिहून टाकतो.

मुनी म्हणजे कोण?

अमेरिकेतल्या या मिनेसोटा राज्यात काही शहरांत दारूचं दुकान चक्क नगरपालिकेचं असतं. इथले लोक 'म्युनिसिपल'चं लाडकं रूप करून त्याला 'मुनी' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला दाढीवाले ऋषीच आठवले होते. अशी शहरं पावणेदोनशेच्या आसपास आहेत. आपली माणसं जिथे जास्त राहतात त्यांतली ईडायना, अ‍ॅपल व्हॅली, लेकव्हिल ही त्यांपैकीच. मिनियापोलिस किंवा ब्लूमिंग्टनला मात्र खाजगी दुकानं आहेत. शहराचं स्वतःचं दुकान असलं की घरी न्यायची बाटली विकणारं दुसरं दुकान त्या हद्दीत सहसा नसतं. मक्तेदारीच म्हणा.

हे आलं कुठून? ज्या कायद्याने १९१९ मध्ये अख्ख्या अमेरिकेत दारूबंदीची अंमलबजावणी लावून दिली, तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते अँड्र्यू व्होल्स्टेड मिनेसोटाच्याच ग्रॅनाइट फॉल्सचे. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली. दारू मिळावी, पण लगाम आपल्या हातात राहावा, असं वाटणाऱ्या गावांनी मग दुकान स्वतःच काढलं. आजही कायदा १०,००० पर्यंत वस्तीच्या शहरालाच नवं मुनी काढू देतो. पुढे वस्ती वाढली तरी दुकान चालू ठेवता येतं.

रविवारचं कुलूप

मिनेसोटा राज्य झालं १८५८ साली, आणि तेव्हापासून २०१७ पर्यंत रविवारी दुकानातून बाटली विकत मिळत नव्हती. अलीकडच्या काळात रेस्टॉरंटमध्ये बसून प्यायला हरकत नव्हती, घरी न्यायला होती. जे लोक पंधरा-वीस वर्षांपासून इथे आहेत त्यांना ते दिवस आठवत असतील. रविवारी दुपारी मॅच सुरू व्हायच्या आत कोणीतरी एक जण गाडी काढायचा, आय-९४ महामार्ग धरून सेंट क्रॉय नदी ओलांडायचा आणि विस्कॉन्सिनमधल्या हडसनहून बीअरचे खोके घेऊन यायचा. टॅक्स विस्कॉन्सिनला, पेट्रोल आपलं.

मार्च २०१७ मध्ये गव्हर्नर मार्क डेटन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि २ जुलै २०१७ हा दुकानं उघडण्याचा पहिला रविवार ठरला. वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ६. लक्षात घ्या, कायद्याने परवानगी दिली, सक्ती केली नाही. उघडायचं की नाही हे शहरावर सोडलं. उपनगरांतल्या बऱ्याच दुकानांनी लगेच रविवार सुरू केला. आमचं किचन ज्या छोट्या गावात आहे तिथले मुनी मात्र अजून रविवारी मौनात असतात.

या मौनाचा प्रसाद आम्हाला धंद्याच्या पहिल्याच वर्षी मिळाला. पन्नाशीची पार्टी, गावातला हॉल, चाळीस माणसं, वेळ दुपारी एकची. यजमान राहायचे दुसऱ्या शहरात, त्यांच्याकडचं दुकान रविवारी उघडं. इथलंही असेल असं ते धरून चालले. साडेबाराला दुकानाच्या दारावरची पाटी बघितली आणि तिथून शेजारच्या शहरात. परत आले तेव्हा सव्वादोन वाजले होते, बर्फ मिळालाच नव्हता, आणि भरलं वांगं तीनदा गरम करून झालं होतं.

मग उघडावं का?

आमच्या मते, हो. कारणं मात्र पार्टीपेक्षा पैशाची आहेत.

विरोधकांचं म्हणणं साधं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. लोक आठवड्याला जेवढी पितात तेवढीच पिणार. सहा दिवसांचा गल्ला सात दिवसांत वाटला जाईल आणि सातव्या दिवसाचा पगार मात्र जास्तीचा. २०१७ पूर्वी वर्षानुवर्षं छोटे दुकानदार आणि ट्रकचालकांची संघटना हेच सांगत होती. रविवारी घाऊक व्यापाऱ्याने दुकानात माल उतरवायचा नाही अशी अट कायद्यात आहे, ती या मंडळींना थोडा दिलासा म्हणूनच आली असावी. दुकान उघडं असेल, पण फळीवर जे काही असेल ते शनिवारपर्यंत आलेलं.

सगळीच दुकानं बंद असतील तर हा हिशोब बरोबर आहे. पण आता शेजारचं दुकान उघडं आहे. आमच्या गावचा गल्ला सात दिवसांत वाटला जात नाही, सातव्या दिवशी तो हद्द ओलांडून जातो. आणि एकदा गाडी तिकडे गेली की माणूस पुढच्या आठवड्याचीही बाटली तिथूनच घेतो. आम्हीही तेच करतो, खोटं कशाला बोला.

दुसरं म्हणजे हा नफा जातो कुठे? कोणा मालकाच्या खिशात नाही. तो शहराच्या तिजोरीत येतो आणि त्यातून बागा, बर्फावरच्या स्केटिंगच्या जागा, कुठे अग्निशमन दलाची गाडी असे खर्च निघतात. ईडायनात हा पैसा उद्यानं आणि क्रीडांगणांकडे वळवला जातो. म्हणजे जी पार्क शेल्टर तुम्ही बारशाला किंवा दिवाळी पिकनिकला स्वस्तात बुक करता, तिच्या छपराचा एखादा पत्रा शेजाऱ्याच्या व्हिस्कीतून आलेला असू शकतो. आणि तीनपैकी कुठल्याही दोन वर्षी दुकान तोट्यात गेलं तर ते चालवायचं की नाही यावर कायद्याने जाहीर सुनावणी घ्यावी लागते. छोट्या गावाला ही भीती खरी आहे.

राहिला रविवारच्या विश्रांतीचा मुद्दा. तो आम्हाला जास्त भिडतो. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १० जून १८९० रोजी. रविवार खंडोबाचा वार, हेही त्यांच्या मागणीमागचं एक कारण होतं. इथे रविवार चर्चचा. १९६१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मात्र रविवारबंदीचे कायदे वैध ठरवताना धर्म बाजूला ठेवून 'सगळ्यांना एकाच दिवशी विश्रांती' असाच आधार घेतला. देव वेगळे असले तरी थकलेली माणसं सारखीच. म्हणून आमचं म्हणणं असं आहे की रविवारी उघडा, पण सोमवारी सकाळी उशिरा उघडा किंवा जानेवारी-फेब्रुवारीतले रविवार सोडा. काउंटरवरचे लोक नगरपालिकेचे नोकर आहेत. त्यांना बदली सुट्टी देणं कौन्सिलच्या हातात आहे.

दारू वाईट, म्हणून दुकान बंद ठेवा, असंही काही जण म्हणतात. महाराष्ट्रात उभी बाटली-आडवी बाटली मतदान झालेल्या गावांतून आलेले आमचे काही ग्राहक तर ठामपणे. त्यांचा आम्ही आदर करतो. पण आडव्या बाटलीने दुकान कायमचं जातं. इथे प्रश्न सहा दिवस की सात, एवढाच आहे. कौन्सिलच्या सभेत रहिवासी म्हणून बोलायला नागरिकत्व लागत नाही. मत द्यायला लागतं, बोलायला नाही. दोन्ही बाजूंनी या.

तोवर तुमची पार्टी

शनिवारी रात्री १० पर्यंत दुकानं उघडी ठेवता येतात. तेव्हाच खरेदी उरका. रविवारी घ्यायचीच असेल तर दुकान ११ च्या आधी कुठेच उघडत नाही. एकची पार्टी असेल तर बीअर गार व्हायला पुरेसा वेळ उरत नाही, बर्फाच्या चार पिशव्या जास्त घ्या. अगदीच अडलं तर किराणा दुकानात ३.२ टक्क्यांची सौम्य बीअर रविवारीही मिळते. तिच्याबद्दल पाहुणे काय बोलतील याची जबाबदारी आमची नाही. थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या दिवशी दारूची सगळी दुकानं बंद, आणि २४ डिसेंबरला रात्री ८ नंतरही बंद. या तारखांना ऑर्डर देणारे दरवर्षी विसरतात.

किती आणायची हेही विचारतात. ७५० मिलीच्या वाइनचे पाच ग्लास होतात. तेवढ्याच व्हिस्कीचे आपल्या ६० मिलीच्या मापाने बारा पेग, आणि १.७५ लिटरच्या मोठ्या बाटलीचे एकोणतीस. किमतीवर राज्याचा ९.३७५ टक्के कर धरा, शहराचा असेल तर तो वेगळा. तिकीट लावून कार्यक्रम करत असाल तर त्यात दारूचे पैसे मिसळू नका, ती विक्री ठरते आणि तिला लायसन्स लागतं. २१ वर्षांखालच्या कोणालाही ग्लास देऊ नका, मग तो पुण्याहून आलेला भाचा का असेना आणि तिकडे त्याला कोणी काही म्हणत का नसेना. आमची वाढपी मंडळी पाणी, सरबत, सोलकढी आनंदाने देतील, ग्लास भरणार नाहीत.

उरलेली बाटली उघडलेली असेल तर ती डिकीत ठेवा. सीटखाली नाही, ग्लव्ह बॉक्समध्येही नाही. उरलेली सोलकढी मात्र पुढच्या सीटवर ठेवली तरी चालेल, झाकण घट्ट लावा.