अंगवळणी पडण्याचं विज्ञान

हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. ते थांबवण्यासाठी १९५३ साली त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. झटके कमी झाले, पण नव्या घटना लक्षात राहिनाशा झाल्या. पुढे ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं: कागदावरची चांदणी गिरवायची, पण हाताकडे न बघता, फक्त आरशात बघून. सुरुवातीला पेन्सिल भलतीकडेच जाई. तीन दिवसांच्या सरावाने रेघ सफाईदार येऊ लागली. हेन्रीला मात्र आपण हे पूर्वी कधी केलंय याची आठवणच नव्हती.

माहिती एका वाटेने डोक्यात शिरते आणि कसब दुसऱ्या वाटेने अंगात मुरतं, हे त्या चांदणीने दाखवून दिलं. घरातल्या किशोरवयीन मुलांना स्वावलंबन शिकवताना आपण बहुतेकदा पहिलीच वाट धरतो. ‘पैसे जपून वापर’, ‘वेळेवर ऊठ’, ‘स्वतःचं स्वतः कर’. मुलं ऐकतात, त्यांना पटतंही. तरी घराबाहेर राहायची वेळ आली की कपड्यांचा ढीग साचतो आणि अर्ज मुदत उलटल्यावर आठवतो.

याला सरसकट आळस म्हणणं अन्यायाचं आहे. पुढचा विचार करणं, मोह आवरणं, कामांचा क्रम लावणं हे ज्या भागाकडे आहे, तो मेंदूचा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. या वर्षांत मेंदूच्या पेशींमधले न वापरलेले जोड छाटले जातात आणि वरचेवर वापरातल्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं आवरण चढून संदेश वेगाने धावू लागतात. ‘मेंदू अजून पक्का नाही, मग जबाबदारी नंतर देऊ’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. जो वापरानेच घडतो, त्याला वापरापासून लांब ठेवून कसं चालेल?

पैशांचं उदाहरण घ्या. २०१४ साली अर्थसाक्षरतेच्या २०१ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. लोकांच्या आर्थिक वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ०.१ टक्का फरकाचा संबंध अशा शिक्षणाशी लावता आला. भरपूर तास शिकवलं, तरी वीस महिन्यांनंतर परिणाम जवळपास पुसला गेलेला. नंतरच्या काटेकोर प्रयोगांतून यापेक्षा आशादायक चित्र दिसलं आहे, हेही सांगायला हवं. पण २०१४च्या त्या विश्लेषणाच्या संशोधकांची एक सूचना मला फार मोलाची वाटते: ज्या निर्णयासाठी शिकायचं, तो निर्णय समोर असतानाच शिकवावं.

म्हणून आधी आठवड्याचे पैसे मुलाच्या हाती द्या. त्यातून काय काय भागवायचं ते दोघांनी मिळून ठरवा. जमलं की पंधरवड्याचे, मग महिन्याचे. चौथ्याच दिवशी संपले, तर उरलेले दिवस तसेच काढू द्या. जेवण आणि औषधं या हिशेबाबाहेर ठेवा म्हणजे झालं. तेराव्या वर्षी झालेली ही चूक पुढे कर्ज काढताना होणाऱ्या चुकीपेक्षा कितीतरी स्वस्त असते.

मदत कितपत करायची? वुड, ब्रुनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली शिकवण्याला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. त्यांच्या प्रयोगात लहान मुलं लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचत होती. मूल अडलं की शिकवणारी मदत वाढवायची, जमू लागलं की हात मागे घ्यायची. मला विचाराल तर पालकांना सर्वांत जड जातं ते हे हात मागे घेणं. मूल रेंगाळतं, चुकतं आणि आपल्याच्याने बघवत नाही.

डॉक्टरांकडे जाताना हे करून बघा. कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, कोणती औषधं चालू आहेत, हे घरीच मुलीला तिच्या हाताने लिहू द्या. तपासणीच्या खोलीत तिलाच बोलू द्या. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून विचारलं, तरी तुम्ही तिच्याकडे बघा. पुढच्या खेपेला वेळही तीच ठरवेल.