गाळून वाचणे आणि अर्धवट सोडणे

पुस्तकाची काही पाने गाळून पुढे जाणे आणि पुस्तक मध्येच मिटून ठेवणे, या दोन्ही गोष्टींना आपल्याकडे ‘पूर्ण वाचले नाही’ हा एकच शेरा मिळतो. त्याचे मूळ मला पारायणात दिसते. विदर्भातल्या कितीतरी घरांत गजानन महाराजांच्या पोथीचे २१ अध्याय एका दिवसात, तीन दिवसांत किंवा सप्ताहात वाचले जातात. तेथे ओवी गाळायची नसते आणि पोथी अर्ध्यावर ठेवायचीही नसते. हा नियम संकल्पामुळे येतो, पण कादंबरी हाती घेताना आपण कसलाही संकल्प केलेला नसतो.

गाळणारा वाचक पुस्तकाची साथ सोडत नाही. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी वाचणारा मनुष्य वंशावळीची आठ पाने उलटतो खरा, पण कोण कोणाचा मेहुणा हे पुढे अडले की मुकाट्याने मागेही येतो. त्याचा निर्णय पानापुरता असतो आणि तो फिरवता येतो. शिवाय काय गाळायचे हे ठरवण्यासाठी त्या पानांवरून नजर फिरवावीच लागते, त्यामुळे गाळणे हा वाचनाचाच एक प्रकार ठरतो. रहस्यकथेत तो अंगाशी येतो, कारण कंटाळवाण्या वाटणाऱ्या परिच्छेदातच नेमका धागा दडवलेला असतो. चरित्रात किंवा प्रवासवर्णनात तो खपून जातो. (कोश सलग वाचणारा तर विरळाच.)

सोडणाऱ्याचा निर्णय संपूर्ण पुस्तकाविषयी असतो. त्यामागे नावडच असते असे नाही. पुष्कळदा वय किंवा मनःस्थिती आड येते.

हा फरक वाचनालयात स्पष्ट होतो. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. तो ग्रंथालयाच्या कामकाजासाठी असला, तरी गाळणाऱ्याने त्याचा आधार खुशाल घ्यावा. तिसरा नियम प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगतो, आणि नागपुरात महाल किंवा धरमपेठ भागातल्या वाचनालयातून आणलेले पुस्तक सोडून दिल्यावरही उशाशी ठेवणारा नेमका हाच नियम मोडतो. त्याने ते मुदतीची वाट न पाहता परत करावे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून विकत घेतलेल्या पुस्तकाला हे बंधन नाही; ते दहा वर्षे कपाटात थांबले तरी कोणाचे अडत नाही.

उरतो मतप्रदर्शनाचा प्रश्न. गाळणाऱ्याने ‘वाचले’ म्हणण्यास माझी हरकत नाही, कारण शेवट त्याच्या डोळ्यांखालून गेलेला असतो. सोडणाऱ्याने मात्र चाळीस पाने वाचली असतील, तर ‘चाळीस पाने वाचली’ एवढेच सांगावे, आणि अभिप्रायही तेवढ्याच पानांवर द्यावा.