कूलंट : फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनातील निवड आणि निगा

इंजिनातील उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेणारे द्रव म्हणजे कूलंट. पाणी, ग्लायकॉल (बहुधा एथिलीन ग्लायकॉल) आणि गंजरोधक रसायने यांचे ते मिश्रण असते. उष्णता वाहण्याचे काम मुख्यतः पाणीच करते. ग्लायकॉलमुळे गोठणबिंदू खाली व उत्कलनबिंदू वर जातो, तर गंजरोधके ब्लॉक, हेड, पंप आणि रेडिएटरच्या धातूंना जपतात. ग्लायकॉल फार काळ टिकते, गंजरोधके मात्र खर्च होत जातात. त्यामुळे दिसायला स्वच्छ, रंगीत असलेले कूलंटही निकामी झालेले असू शकते.

लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढ देणाऱ्या गिअरमध्ये) चढ चढताना किंवा वाळूतून जाताना इंजिनावर भार पुरेपूर असतो, पण वेग ताशी ५-१० किलोमीटर. समोरून वारा मिळत नाही, सगळी हवा पंख्यालाच ओढावी लागते. अर्धवट चोंदलेला रेडिएटर किंवा सैल पडलेले झाकण महामार्गावर जाणवत नाही. इथे गाडी तापते. उंचीवर आणखी अडचण येते. झाकण बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा सुमारे १ बार जास्त दाब धरते. ४,००० मीटरवर बाहेरचा दाबच कमी असल्याने उत्कलनबिंदू उतरतो आणि झाकणाचे रबर कडक झाले असेल तर कूलंट फार लवकर उकळते.

निवड रंगावरून करू नये. रंगाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. दोन कंपन्यांची लाल कूलंट पूर्ण वेगळ्या रसायनांची असू शकतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले स्पेसिफिकेशन बाटलीवर छापलेले आहे का, एवढेच पाहावे. जुन्या पद्धतीची सिलिकेटयुक्त कूलंट साधारण २ वर्षे चालतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली ५ वर्षे किंवा अधिक टिकतात. दोन्हींच्या मिश्र पद्धतीची हायब्रिडही मिळतात. त्यांत काहींत सिलिकेट, काहींत फॉस्फेट असते. वेगवेगळे प्रकार एकत्र केले की टिकाऊपणा कमी होतो, आणि काही जोड्यांत गाळ किंवा जेली तयार होऊन हीटरच्या बारीक नळ्या बुजतात. आडरानात वेळ आलीच तर अनोळखी कूलंटपेक्षा स्वच्छ पाणी घालावे आणि परतल्यावर सगळे बदलावे. वेट लायनर (बाहेरून थेट कूलंट लागणारी सिलिंडरची नळी) असलेल्या जड डिझेल इंजिनांत लायनरच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे फुटून खड्डे पडतात; तिथे त्यासाठीचेच हेवी-ड्यूटी कूलंट लागते.

पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्डच हवे. बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम फॉस्फेट व सिलिकेटशी संयोग पावून आत थर धरते. निम्मे पाणी, निम्मे कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) हे प्रमाण बहुतेक ठिकाणी योग्य : ते उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण हा समज चुकीचा आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते आणि उष्णताही पाण्यापेक्षा बरीच कमी वाहते.

बदलताना इंजिन पूर्ण गार हवे. गरम इंजिनाचे झाकण उघडणे म्हणजे भाजून घेणे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचा व ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडावा, मग डिस्टिल्ड पाणी भरून, इंजिन थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडेपर्यंत चालवून, गार झाल्यावर पुन्हा रिकामे करावे. निथळलेले पाणी नितळ येईपर्यंत हे चालू ठेवावे. यानंतर हमखास होणारी चूक म्हणजे तयार (निम्मे-निम्मे) मिश्रण ओतणे. सिस्टीम १२ लिटरची असेल आणि धुतल्यावर ब्लॉकमध्ये ४ लिटर पाणी उरले असेल, तर ८ लिटर तयार मिश्रणात ग्लायकॉल फक्त ४ लिटर येते, म्हणजे एकूण एक तृतीयांश. गोठणबिंदू उणे १७-१८ वर येतो आणि गंजरोधकेही तेवढीच पातळ होतात. त्याऐवजी आधी ६ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि मग २ लिटर पाणी घालावे. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून ग्लायकॉलचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) प्रमाण तपासावे.

भरताना गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे, सावकाश ओतावे, ब्लीड स्क्रू (आतली हवा सोडण्याचा) असल्यास उघडावा. मागे दुसरा हीटर असेल तर तोही चालू ठेवावा. डॅशबोर्डमागे खळखळाट किंवा हीटरमधून गार हवा म्हणजे आत हवा अडकली आहे. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी.

चिखलातून आल्यावर रेडिएटर नुसता समोरून धुणे पुरेसे नाही. चिखल एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसतो. तो मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने काढावा. प्रेशर वॉशरने जाळीचे पत्रे दुमडतात.

विंच, जादा दिवे, दुसरी बॅटरी बसवलेल्या गाड्यांत खराब अर्थिंगमुळे वीज कूलंटमधून वाट काढते आणि ॲल्युमिनियमला आतून बारीक छिद्रे पाडते. मल्टिमीटरचे निगेटिव्ह टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि पॉझिटिव्ह टोक कूलंटमध्ये, धातूला न लावता बुडवावे. एकेक उपकरण चालू करताच व्होल्टेज उडी मारत असेल तर त्या उपकरणाची अर्थिंग आधी दुरुस्त करावी; नाहीतर नवा रेडिएटरही तसाच जाईल.

बाहेर गळती नसताना पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधले सील) किंवा डिझेलमधील ईजीआर कूलरवर (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणाऱ्या भागावर) संशय घ्यावा. इंजिन गार असूनही होज फुगलेले व कडक लागणे ही गॅस्केटची खूण. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असेल आणि तो आतून फुटला, तर गिअरबॉक्सच्या तेलाला दुधी गुलाबी रंग येतो. अशी गाडी चालवू नये, क्लच प्लेटा खराब होतात. डॅशबोर्डच्या काट्यावरही विसंबू नये : अनेक गाड्यांत तो बऱ्याच तापमानापर्यंत मध्यावरच ठेवलेला असतो, आणि पातळी सेन्सरच्या खाली गेली तर काटा उलट खोटा दिलासा देतो. ओबीडीवरून (गाडीच्या संगणकाच्या तपासणी-सॉकेटवरून) खरे तापमान दाखवणारे यंत्र आणि कमी पातळीचा अलार्म, दोन्ही लावावेत.

एथिलीन ग्लायकॉल गोड आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्या मात्रेनेही दगावतात. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात, नाव लिहून ठेवावे आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावे.